किशोरवयीन छळवणूक आणि सायबर छळ

किशोरवयीन छळवणूक : समवयस्कांपैकी एकाने किंवा गटाने आपल्या वरचढपणाच्या जोरावर एखाद्या मुलाला वा मुलीला जाणूनबुजून आणि वारंवार दिलेला शारीरिक, शाब्दिक किंवा मानसिक त्रास. हाच त्रास मोबाइल, समाजमाध्यमे किंवा ऑनलाइन खेळ यांतून दिला गेला, तर त्यास सायबर छळ म्हणतात. हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता हे तीन निकष मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांच्या १९७० नंतरच्या संशोधनातून रूढ झाले असून त्यांच्या आधारे मित्रांमधली थट्टा किंवा भांडण आणि छळ यांत फरक करता येतो. १९८२ मध्ये नॉर्वेत तीन किशोरवयीन मुलांनी बहुधा छळाला कंटाळून आत्महत्या केल्यानंतर तेथे १९८३ साली शाळांमधून देशव्यापी प्रतिबंध मोहीम सुरू झाली आणि शाळेच्या शिस्तीचा मानला जाणारा हा प्रश्न मुलांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून ओळखला जाऊ लागला.

स्वरूप : मारहाण, वह्या-डबे लपवणे, धमकावणे, रंग, अंगकाठी, जात किंवा आईवडिलांच्या कामावरून नाव पाडणे आणि गटातून वगळणे हे छळाचे नेहमीचे प्रकार होत. वगळण्याच्या प्रकारासाठी मराठीत ‘वाळीत टाकणे’ हा जुना शब्दप्रयोग असून जातपंचायतींच्या अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा संमत केला, यावरून एकटे पाडले जाण्याची वेदना समाजाला ठाऊक असल्याचे दिसते. मुलांमधला छळ मोठ्यांच्या जगातील उतरंडीवरच पोसला जातो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील कैकाडी समाजाच्या जब्या या मुलाला होणारा चिडवण्याचा त्रास त्याच्या जातीपासून वेगळा काढता येत नाही. सायबर छळात बनावट खाते उघडणे, छायाचित्रात फेरफार करून ते पसरवणे, खाजगी संभाषणाचे स्क्रीनशॉट गटावर टाकणे हे प्रकार येतात. शाळा सुटली की वर्गातला त्रास काही तास तरी थांबतो, परंतु मोबाइलवरचा त्रास घरात आणि रात्रीही पाठ सोडत नाही. पाहणाऱ्यांची संख्या मोजता येत नाही आणि एकदा पसरलेला मजकूर पूर्णपणे मागे घेता येत नाही.

मानसिक परिणाम : छळ सोसणारी मुले बहुधा तक्रार करीत नाहीत, पोटदुखी, डोकेदुखी, झोप मोडणे, शाळेत जाण्यास टाळाटाळ, अभ्यासातील घसरण, अचानक आलेला अबोला किंवा चिडचिड यांतून त्रास प्रकट होतो. पुढे त्यातून नैराश्य, चिंताविकार, स्वतःला इजा करणे आणि आत्महत्येचे विचार उद्भवू शकतात. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत बालपणीच्या छळाचे परिणाम वयाच्या पन्नाशीपर्यंत आढळले. जी मुले स्वतः छळ सोसतात आणि इतरांना छळतातही, त्यांना सर्वाधिक धोका असतो, म्हणून छळणाऱ्या मुलालाही शिक्षेइतकीच समुपदेशनाची गरज असते. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

माणदेशातील संदर्भ : सातारा जिल्ह्यातील म्हसवडसह माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व खानापूर हा अवर्षणप्रवण टापू सोने-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरलेल्या आणि हंगामी मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचा आहे. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांना दूर असलेल्या आईवडिलांशी जोडणारा धागा मोबाइल हाच असतो. २०२० च्या करोना टाळेबंदीत शाळाही त्याच मोबाइलवर आली. त्यामुळे छळ उघड होताच मोबाइल काढून घेणे हा उपाय मुलाला अधिकच एकाकी करतो. मुलींच्या बाबतीत शाळा बंद होण्याची आणि लवकर लग्न ठरण्याची भीती असल्याने त्या मौन पत्करतात, आणि हे मौन छळणाऱ्याच्या पथ्यावर पडते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. तो अभ्यास व संवादासाठी होता, तथापि मोबाइलचे बंधन मुलांपुरते न ठेवता मोठ्यांनीही पाळल्यास ते शिक्षा वाटत नाही, हे त्यातून घेण्यासारखे आहे. म्हसवडहून २००८ पासून माणदेशी बोलीत चालणारे ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र वाड्या-वस्त्यांवर हा विषय पोहोचवण्यास उपयुक्त माध्यम आहे.

कायदा : ‘महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९’ शिक्षणसंस्थांना आणि वसतिगृहांना लागू असून तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे; त्यात कसूर झाल्यास ती गुन्ह्यास प्रोत्साहन मानली जाते. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. त्या खटल्याची पार्श्वभूमी २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना झालेल्या अटकेची होती. बनावट ओळख, खाजगी छायाचित्रे व बालकांविषयीचा अश्लील मजकूर यांसाठीची त्याच कायद्यातील कलमे मात्र लागू आहेत. छळणारा अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि तेथे सुधारणेवर भर असतो.

प्रतिबंध : फिनलंडच्या ‘किवा’ या शालेय कार्यक्रमाचा भर पाहणाऱ्या मुलांवर आहे, कारण प्रेक्षक हसणे थांबवतात तेव्हा छळणाऱ्याची प्रतिष्ठा ओसरते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) १० ते १९ वयोगटाच्या मानसिक आरोग्याचा समावेश असून महाराष्ट्रात त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. पालक व शिक्षकांनी प्रथम दोष न देता ऐकावे, पुरावे पुसू न देता जपावेत आणि मूल मरणाची भाषा बोलत असल्यास त्याला एकटे सोडू नये. मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, बालकांसाठी १०९८ आणि सायबर आर्थिक फसवणुकीसह ऑनलाइन गुन्ह्यांसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.