पुणे जिल्ह्यातील दूरचित्रवाणी संच निर्मिती

पुणे जिल्ह्यातील दूरचित्रवाणी संच निर्मिती प्रामुख्याने शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक क्षेत्रात एकवटलेली आहे. एलजी या दक्षिण कोरियन आणि हायर या चिनी कंपनीचे कारखाने तेथे आहेत. शेजारच्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत मात्र असा एकही मोठा कारखाना नाही. विदेशी कंपन्यांच्या स्थाननिवडीचे निकष आणि खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) या दोन गोष्टींच्या आधारे हा फरक समजून घेता येतो.

== स्थाननिवडीचे निकष ==
दूरचित्रवाणी संच आकाराने मोठा, नाजूक आणि आकारमानाच्या मानाने स्वस्त असतो. तयार संच दूरवर पाठवण्यापेक्षा सुटे भाग आणून बाजारपेठेजवळ जुळणी करणे त्यामुळे बहुधा परवडते. सोनीने १९७४ मध्ये वेल्समधील ब्रिजेंड येथे कारखाना काढला. पुढे सॅमसंग स्लोव्हाकियातील गालांता येथे, तर एलजी पोलंडमधील म्वावा येथे गेली. अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी मेक्सिकोतील तिहुआना हे मोठे केंद्र बनले. यांतील प्रत्येक ठिकाण एखाद्या मोठ्या बाजारपेठेच्या जकात-सीमेच्या आत किंवा तिला सवलतीने जोडलेले आहे. स्वस्त मजुरी हे कारण नेहमी सांगितले जाते, परंतु सपाट पडद्याच्या संचाच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॅनेलचा असतो. म्हणून पॅनेलवरील आणि तयार संचावरील आयात शुल्कातील तफावत मजुरीपेक्षा अधिक निर्णायक ठरते.

भारतातील अनुभवही याला दुजोरा देतो. थायलंडबरोबरच्या करारानुसार सप्टेंबर २००४ पासून काही वस्तूंवरील शुल्क कमी होऊ लागले आणि त्याच वर्षी सोनीने हरियाणातील धारुहेडा येथील उत्पादन बंद करून थायलंडहून संच आणण्याचा मार्ग धरला. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने तयार संचांवरील शुल्क २० टक्के केले. पण पॅनेलचा मुख्य घटक असलेल्या ओपन सेलवरही शुल्क लागल्याने सॅमसंगने २०१८ मध्ये तमिळनाडूतील संचनिर्मिती थांबवली आणि व्हिएतनाममधून आयात सुरू केली. ओपन सेलवरील शुल्क सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द झाले आणि ऑक्टोबर २०२० पासून ५ टक्के दराने पुन्हा लागू झाले. जुलै २०२० मध्ये रंगीत संचांची आयात 'प्रतिबंधित' गटात टाकण्यात आली. तेव्हापासून आयातीसाठी परवाना लागतो.

== रांजणगावची निवड ==
महाराष्ट्रात व्हिडिओकॉनमुळे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) परिसर दूरचित्रवाणी संचांसाठी आधीच ओळखला जात होता, परंतु ती देशी कंपनी होती. एलजीने १९९७ मध्ये भारतात कंपनी स्थापन केल्यावर पहिला कारखाना उत्तर भारतात, ग्रेटर नोएडा येथे उभारला. पश्चिम आणि दक्षिण भारताच्या बाजारपेठेसाठी दुसऱ्या कारखान्याची गरज होती. तो २००४ च्या सुमारास रांजणगावात उभा राहिला. तेथे संचांबरोबर शीतकपाटे, धुलाई यंत्रे आणि वातानुकूलन यंत्रेही तयार होतात. हायरने २००७ मध्ये रांजणगावातीलच अँकर-देवूचा तयार कारखाना विकत घेतला आणि २०१७ मध्ये त्याचा मोठा विस्तार केला. आयता कारखाना मिळणे हाही स्थाननिवडीचा एक निकष असतो, हे या उदाहरणावरून दिसते.

रांजणगाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पॅनेल आणि इतर भाग समुद्रमार्गे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) सलग जमीन, पुण्यातील अभियांत्रिकी मनुष्यबळ आणि राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतील सवलती ही इतर कारणे. ही योजना १९६४ पासून निरनिराळ्या स्वरूपांत चालू असून तिच्यात तालुक्यांचे औद्योगिक विकासानुसार गट पाडले जातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात २९७.११ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह जाहीर केला. त्याचा खर्च ४९२.८५ कोटी रुपये असून २०७.९८ कोटी रुपये केंद्राचे आहेत.

== जुन्नर व आंबेगाव ==
पुणे–नाशिक महामार्गावरील मंचर आणि नारायणगाव ही गावे पुण्यापासून रांजणगावच्या तुलनेत फारशी दूर नाहीत. तरीही मोठा उद्योग खेड तालुक्यातील चाकणपर्यंत येऊन थांबला. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग डोंगराळ आहे आणि पूर्वेकडील सपाट जमीन कुकडी प्रकल्पामुळे बागायती झालेली आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे पिकवणारी अशी जमीन कारखान्यासाठी संपादित करणे सोपे नसते.

दुसरे कारण खोडदची दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा, म्हणून ही जागा निवडली गेली. दुर्बीण सुमारे १५० ते १४२० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करते. प्रक्षेपित दूरचित्रवाणीचे अनेक वाहक याच पट्ट्यात येतात, आणि विजेच्या तारांवरील ठिणग्या किंवा घरावरील सदोष बूस्टर यांचाही निरीक्षणाला उपद्रव होतो. शेकडो संच एकाच वेळी चालू ठेवून तपासणाऱ्या कारखान्याला येथे जागा मिळणे कठीण, हे उघड आहे. दुर्बिणीच्या परिसरात नव्या उद्योगांवर निर्बंध आहेत. खोडदपासून रांजणगाव सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

या निर्बंधांमुळे स्थानिक रोजगाराची संधी हुकते, अशी तक्रार परिसरात वारंवार होते. विशेषतः राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या मार्गाने आखलेला पुणे–नाशिक अर्ध-अतिवेगवान रेल्वेमार्ग केंद्र सरकारने दुर्बिणीचे कारण देऊन बाजूला ठेवला आणि शिर्डीमार्गे पर्याय पुढे आणला, तेव्हा ही तक्रार तीव्र झाली. दुर्बीण आणि रेल्वे दोन्ही सांभाळणारी आखणी करावी, अशी मागणी जुन्नर व आंबेगावमधून केली जाते.