एकविसावा रकाना

२८ फेब्रुवारी २०२४. सायबर सुरक्षा पुरवणारी क्राउडस्ट्राइक कंपनी आपल्या फाल्कन सेन्सरची ७.११ आवृत्ती आणते. विंडोजवरचे प्रोग्राम 'नेम्ड पाइप'मधून एकमेकांशी बोलू लागले की त्या इव्हेंटची दखल घ्यायची, हे तिचं नवं काम. नियमाच्या साच्यात रकाने २१. सेन्सरचा कोड मूल्यं पुरवतो २०.

५ मार्च. चाचणी पास, पहिला नियम रवाना. एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल', त्यामुळे तिकडे कोड फिरकतच नाही. एप्रिलमध्ये आणखी तीन नियम जातात, तेही बिनबोभाट.

१९ जुलै, शुक्रवार, सकाळी ९.३९. दिवा स्थानकातून मुंबईकडे निघालेली ऑफिसची गर्दी अजून वाटेत आहे. 'चॅनेल फाइल २९१'ची नवी प्रत सुटते, दोन नवे नियम घेऊन. त्यातला एक एकविसावं मूल्य खरोखरच तपासायला सांगतो. पाठवण्याआधी तपासणारा प्रोग्राम २१ मूल्यं येणारच असं धरून चालतो आणि हिरवा कंदील देतो. थोड्या संगणकांवर आधी पाठवून बघायची पद्धत या फाइलींना तेव्हा लागू नाही; ती सगळीकडे एकदम जाते.

त्यानंतरचा पहिलाच इव्हेंट. सेन्सर एकविसावं मूल्य शोधत यादीच्या पलीकडची मेमरी वाचतो. तो चालतो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्यामुळे त्याच्याबरोबर विंडोजही कोसळतं. निळा पडदा, रीस्टार्ट, पुन्हा निळा पडदा.

१०.५७. फाइल मागे घेतली जाते. मधली ७८ मिनिटं बंद असलेले संगणक वाचतात. अडकलेल्यांपैकी बहुतेकांना सेफ मोडमध्ये नेऊन फाइल हाताने पुसावी लागते, एकेक करून.

दुपार. मुंबईसह देशभरच्या विमानतळांवर चेक-इन हाताने सुरू. काही प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळतात. एकट्या इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द.

२० जुलै, पहाटे ३. विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्री नंतर सांगतात. मायक्रोसॉफ्टचा अंदाज येतो: ८५ लाख संगणक, म्हणजे विंडोजवरच्या एकूण संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी.

गेमचे मॉड सांभाळणाऱ्या व्हॉर्टेक्ससाठी दिव्यातल्या एखाद्या खोलीत बसून एक्स्टेंशन लिहिणाऱ्याचं कामही याच जातीचं आहे: दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये शिरून त्याच्या इव्हेंटवर कान ठेवायचा. तिथे चूक झाली तर फार तर व्हॉर्टेक्स बंद पडेल किंवा कुणाचे मॉड विस्कटतील, विमानं अडकणार नाहीत. पथ्यं मात्र तीच. हँडलर, म्हणजे इव्हेंट आल्यावर चालणारा कोड, 'कॉन्टेक्स्ट.वन्स'मध्येच नोंदवा. हाती आलेलं मूल्य आहे की नाही ते आधी बघा, मग वापरा. मॉड गेममध्ये बसवून (डिप्लॉय करून) झाल्याचा 'डिड-डिप्लॉय' इव्हेंट ऐकून पुन्हा डिप्लॉय सुरू करू नका, नाहीतर ते चक्र थांबणार नाही. आणि नवी आवृत्ती आधी चार जणांना द्या, मग सगळ्यांना.