नळावरचा अविश्वास आणि माळ्यावरची टाकी

१/ लंडनचे शेगड्या बनविणारे विल्यम फीटम यांनी १७६७ मध्ये एका स्नानयंत्राचे पेटंट घेतले. हातपंपाने पाणी डोक्यावरच्या भांड्यात चढवायचे आणि साखळी ओढून ते अंगावर सोडायचे. उंचावर साठा आणि जोडीला पंप, ही जोडगोळी पुढे इंग्रजांच्या घराघरांत वेगळ्याच कारणाने आली.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनचा पाणीपुरवठा खासगी कंपन्यांच्या हाती होता. पाणी दिवसातून थोडाच वेळ येई. काही वस्त्यांत आठवड्याच्या ठरावीक दिवशीच, आणि रविवारी बहुधा नाहीच. त्यामुळे घरात साठवण अपरिहार्य झाली.

३/ पण साठवण सर्वांना सारखी परवडत नव्हती. सधन घरांत शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या टाक्या असत. गरिबांच्या वस्तीत अनेक कुटुंबांना मिळून एक नळ आणि अंगणात उघडे पीप. जितकी भांडी, तितकेच पाणी.

४/ धोका आणखी खोल होता. पुरवठा थांबला की नळवाहिनी रिकामी होई आणि तिच्या फटींतून आजूबाजूच्या जमिनीतली घाण आत ओढली जाई. वाहिनी सतत दाबाखाली भरलेली राहिली, तर हा प्रवाह उलटतो: गळते ते बाहेर.

५/ हे शक्य आहे, याचा पुरावा नॉटिंगहॅमने दिला. अभियंता टॉमस हॉक्सली यांनी १८३० च्या दशकात ट्रेंट नदीकाठच्या जलकेंद्रातून अखंड, दाबयुक्त पुरवठा सुरू करून दाखवला. लंडनमध्ये मात्र १८५२ आणि १८७१ चे कायदे होऊनही बदल संथच राहिला.

६/ शतकाच्या अखेरीस लंडनच्या बहुतेक भागांत नळाला अखंड पाणी आले. तरी टाकी माळ्यावरच राहिली. कारण आता तीच गरम पाण्याच्या बंबाला पाणी पुरवत होती. मुख्य नळाच्या दाबावर चालणाऱ्या बंद बंबांना ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाव नव्हता.

७/ या मांडणीची किंमत शॉवरखाली कळते. पाण्याच्या १ मीटर उंचीमागे सुमारे ०.१ बार दाब मिळतो. टाकीतील पाणी शॉवरच्या तोंडापेक्षा २ मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.२ बार. म्हणून विजेचा पंप आला. एकाच मोटरवरची दोन चक्रे थंड पाणी टाकीतून आणि गरम पाणी बंबातून सारख्या दाबाने ढकलतात.

८/ हा पंप टाकीतूनच पाणी घेतो, थेट मुख्य नळातून नाही. थेट ओढला, तर शेजाऱ्याचा दाब घटतो आणि वाहिनीत शोषण निर्माण होते. म्हणजे मुद्दा ४ मधला जुना धोका परत.

९/ मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळाले. पुढे तुळशी आणि तानसा आले. आजही शहराच्या बहुतेक भागांत पाणी ठरावीक वेळीच येते. म्हणून इमारतीखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी, आणि मधे पंप. नळाला थेट मोटर लावण्यास मनाईही त्याच कारणाने.

१०/ लंडनच्या माळ्यावरची टाकी आता हळूहळू निघते आहे. मुंबईच्या गच्चीवरची मात्र रोज भरावी लागते. आणि जिथे टाकीच नाही, तिथे पाणी सुटण्याच्या वेळी कोणालातरी कामधंदा सोडून नळाशी थांबावे लागते.