मराठी कर्मणी प्रयोगाची वाटचाल

मराठीत सकर्मक क्रियेचा भूतकाळ मुळातच कर्मणी आहे. ‘गणपतने हळद काढली’ या वाक्यात क्रियापद गणपतमागे न जाता हळदीमागे जाते. हळदीऐवजी कांदे असले की ‘काढले’ होते. हे वळण संस्कृत ‘तेन कृतम्’पासूनचे. प्राकृतात धातुसाधिताला ‘-इल्ल’ लागले आणि मराठीत ‘त्याने केले’ आले. कर्ता तृतीयेत गेला, तरी वाक्यात राहिला.

दुसरी वाट संस्कृतच्या ‘-य-’ प्रत्ययाची. प्राकृतात त्याचे ‘-इज्ज-’ झाले आणि यादवकालीन मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ ही रूपे रुळली. ‘लीळाचरित्र’ (सुमारे १२७८) आणि ‘ज्ञानेश्वरी’ (१२९०) या ग्रंथांच्या मराठीत ती सर्रास भेटतात. संत नामदेव याच काळातले. मात्र त्यांचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या तोंडी गायले गेले आणि गाताना रूपे बदलली, म्हणून तेराव्या शतकाच्या व्याकरणासाठी गाथेवर भिस्त ठेवता येत नाही. पुढे ‘-इजे’ लोपले. ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ तेवढी टिकली. ती कर्मणी रूपे आहेत हे आज बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसते.

‘चोर पकडला गेला’ या ‘जाणे’युक्त रचनेला शालेय व्याकरण ‘नवीन कर्मणी’ म्हणते आणि तिचे नाते इंग्रजीशी जोडते. तिच्या जोडीला सरकारी गद्यातले ‘कळविण्यात येते की’ आहे. १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४मध्ये मराठीला राजभाषा करणारा अधिनियम आला. ‘कळविण्यात येते’ म्हणताना कोण कळवतो ते सांगावेच लागत नाही, आणि या रचनेतच कर्ता खऱ्या अर्थाने नाहीसा झाला.

शेतकऱ्याला कर्ता गाळायचा असला तर तो म्हणतो, ‘हळद तर शिजवून झाली.’ ज्याची गोष्ट चालली आहे ते आधी, त्याला ‘तर’ची जोड, आणि मग झालेले काम. लाओस-व्हिएतनामच्या डोंगरांतल्या ह्मोंग भाषेत विषय आधी मांडण्याची ही रीत आणखी पक्की आहे. तिथली कर्मणीसारखी रचना बहुधा मार, इजा अशा सोसण्याच्या घटनांपुरती असते. मराठी अशा वेळी ‘मार बसला’ म्हणते.

मराठीत कर्ता गाळण्याची सोय आहे, पण जबाबदारी झाकायला ती वापरू नये. नोटिशीत ‘तहसीलदार कळवतात की’ एवढे लिहिले, तरी वाचणाऱ्याला कुणाकडे जायचे ते कळते.