लांगरिव्हिरचा ओढा

पाण्याचा इतिहास लिहिताना आपल्याकडे धरणं येतात, कालवे येतात, ते बांधणारे इंजिनिअर येतात. ओढ्याच्या काठी बसून वर्षानुवर्षं पाण्याची उंची टिपणारा माणूस त्यात कुठं येत नाही. मी नोकरीचा बराचसा काळ सह्याद्रीतल्या ओढ्यांवर प्रवाहमापनात घालवला, त्यामुळे हा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. दक्षिण आफ्रिकेतल्या योंकर्सहुक खोऱ्याचे अहवाल मी प्रथम वाचले ते या कामापोटीच. एका देशानं डोंगरांवर झाडं लावली, मग चिकाटीनं पाणी मोजलं आणि शेवटी तीच झाडं स्वतःच्या हातानं तोडायला घेतली, असा हा सगळा प्रवास आहे. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून लिहितो.

योंकर्सहुक हे केप टाउनच्या पूर्वेला, स्टेलेनबॉश गावाच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या डोंगरांवर मूळचं मोठं अरण्य नाही. घळींमधून थोडी झाडी, बाकी सगळा फेनबॉस. फेनबॉस म्हणजे बारीक, चिवट पानांची झुडपं, कमरेइतकी, कुठं डोक्याइतकी. केपच्या त्या टापूत वनस्पतींच्या सुमारे ९,००० जाती आहेत आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून जास्त जगात दुसरीकडे कुठंही आढळत नाहीत. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. दहा-पंधरा वर्षांनी वणवा येतो आणि बऱ्याच झुडपांचं बी त्यानंतरच रुजतं. मुख्य म्हणजे हे रान पाणी कमी पितं. डोंगरावर पडलेल्या पावसाचा मोठा वाटा ओढ्यांना लागतो आणि त्यावर खालची शेती, द्राक्षमळे, शहर जगतं.

१६५२ साली डच तिथं उतरले तेव्हा त्यांना लाकूड हवं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातला पाइन तिथं लागू लागला. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून हेकिया आला तो कुंपणासाठी. केपच्या सपाटीवरची उडती वाळू थोपवायला बाभळीच्या कुळातली वॅटल झाडं आणली. काळी वॅटल आणली ती कातडी कमावायला लागणाऱ्या सालीसाठी. प्रत्येक झाडामागं कुणाची तरी खरी गरज होती. त्या माणसांना आज वेड्यात काढणं मला पटत नाही.

शिवाय त्या काळच्या विद्वानांचं मत त्यांच्या बाजूनं होतं. झाडं पाऊस आणतात, झरे जिवंत ठेवतात, असं तेव्हा जगभर मानलं जाई. केपमध्ये १८६३ ते १८६६ या काळात सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला जॉन क्रूम्बी ब्राउन हेच सांगत राहिला. आपल्या पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन, जो १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, त्यालाही कोकणातलं जंगल तुटल्यानं झरे आटतात याची काळजी होती. मात्र गिब्सन बोलत होता ते घाटातल्या मूळच्या जंगलाबद्दल. केपमध्ये तोच विचार उघड्या, झुडपांच्या डोंगराला लावला गेला. जिथं झाड नव्हतं तिथं परक्या झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि जंगल वाढलं की पाणी वाढणार, असा हिशेब मांडला गेला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत शेतकरी उलटं बोलू लागले होते. लागवडीखालचे आमचे ओढे आटतात, असं त्यांचं म्हणणं. वनखात्यातले लोक ते मान्य करत नसत. १९३५ साली ब्रिटिश साम्राज्याची वनपरिषद दक्षिण आफ्रिकेत भरली, तिथं हा वाद ऐरणीवर आला, आणि त्याच वर्षी योंकर्सहुकचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्याची घडी बसवली सी. एल. विख्त यांनी.

विख्त यांची पद्धत मला फार मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाऊस दर वर्षी वेगळा पडतो. यंदा ओढ्याला पाणी कमी आलं, तर ते झाडांमुळं की पावसामुळं, हे त्या एका ओढ्याकडं बघून कधीच कळत नाही. त्यासाठी एकाच खोऱ्यातले शेजारशेजारचे ओढे घ्यायचे. प्रत्येकावर छोटा बंधारा बांधायचा, त्याला धारदार कडेची खाच ठेवायची. खाचेवरून पाणी किती उंचीनं जातं, यावरून विसर्ग काढता येतो. बाजूच्या विहिरीत तरंगा सोडायचा, तो हलला की घड्याळावर फिरणाऱ्या ढोलावरच्या कागदावर रेघ उमटते. आधी काही वर्षं नुसतं मोजायचं, म्हणजे दोन ओढ्यांचं आपसातलं प्रमाण कळतं. मग एकाच्या पाणलोटात झाडं लावायची, दुसऱ्याला हात लावायचा नाही. पुढं प्रमाण बिघडलं तर ते झाडांनी बिघडवलं.

ऐकायला सोपं आहे. करून पाहिलं की समजतं, खाचेत एक वाळकी फांदी अडकली तरी आठवड्याचं मापन वाया जातं. बंधाऱ्यामागं गाळ साठतो, तो काढावा लागतो. शाई सुकते, घड्याळ थांबतं. ऐन मुसळधार पावसात, जेव्हा घरातून पाय निघत नाही, तेव्हाच तिथं जायचं असतं, कारण मोठा पूर तेव्हाच येतो. हे काम करणाऱ्याचं नाव शोधनिबंधावर येत नाही, पण निबंध उभा असतो तो त्याच्या वहीवर.

योंकर्सहुकमध्ये लागवडही टप्प्याटप्प्यानं केली. बॉसबाउक्लूफमध्ये पाइन लागले १९४० साली, बिसीफ्लेईमध्ये १९४८, टीरक्लूफमध्ये १९५६, लांब्रेख्त्सबॉसच्या दोन पाणलोटांत १९६४ आणि १९७२. लांगरिव्हिरचा ओढा मात्र फेनबॉसखालीच ठेवला. बाकी सगळे ओढे त्याच्याशी ताडून पाहायचे. प्रयोग सुरू करणाऱ्या पिढीला त्याचा शेवट नोकरीत असताना दिसणार नव्हता, हे ठाऊक असूनही त्यांनी तो आखला.

उत्तर हळूहळू येत गेलं. रोपं लहान असताना फरक दिसत नसे. झाडं वाढून शेंडे एकमेकांना भिडले की प्रवाह उतरू लागे, आणि पुढं वर्षानुवर्षं उतरत जाई. शेतकऱ्यांचं म्हणणं खरं होतं. देशाच्या पूर्वेकडं मोकोबुलान इथं तर निकाल आणखी कठोर लागला. गवताळ पाणलोटात १९६९ साली निलगिरी लावली. तिसऱ्या वर्षी पाणी कमी झालेलं दिसलं, नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. शेजारच्या पाणलोटातल्या पाइननं बाराव्या वर्षी तेच केलं. निलगिरी सोळा वर्षांची झाल्यावर तोडली, तरी ओढा बारमाही व्हायला आणखी पाच वर्षं गेली. मुळांनी जमिनीत खोलवरचं पाणी उपसलं होतं, ती तूट भरून निघाल्यावरच पाणी ओढ्यात उतरलं. झाड तोडलं की दुसऱ्या दिवशी पाणी येईल असं समजणाऱ्या प्रत्येकानं ही पाच वर्षं लक्षात ठेवावीत.

या आकड्यांचा कायद्यावर परिणाम झाला. १९७२ पासून नव्या लागवडीला परवाना लागू लागला, आणि १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यानं व्यापारी वनलागवडीला प्रवाह घटवणारा उद्योग ठरवलं. कालव्यातून पाणी उचलणाऱ्यासारखा डोंगरावर पाइन लावणाराही पाणी वापरणाराच, हे कागदावर मान्य झालं.

तोवर लावलेल्या झाडांपेक्षा न लावलेली झाडं जास्त झाली होती. पाइनच्या बियांना पंख असतात, त्या वाऱ्यावर उंच कड्यांपर्यंत जातात. हेकियाची फळं लाकडासारखी टणक. झाड वणव्यात मेलं की उघडतात आणि राखेवर बी पसरतात. वॅटलचं बी जमिनीत दशकानुदशकं जिवंत राहतं आणि आगीच्या उष्णतेनं रुजतं. फेनबॉसला ज्या वणव्याची गरज, तोच या परक्यांच्या कामी आला.

१९७० च्या दशकात वनखात्यानं डोंगरांवर तोडणी जोरात केली. हेकियासाठी युक्ती अशी होती: झाडं तोडून वर्ष-दीड वर्ष तशीच पडू द्यायची. फळं उघडून बी पडतं, थोडं उंदीर खातात, उरलेलं रुजतं. मग तिथं आग लावायची, म्हणजे रोपं बी धरायच्या आत मरतात. पुढं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पैसा आटला, पाठपुरावा थांबला आणि साफ केलेले उतार पुन्हा भरले.

१९९५ साली मंडेलांच्या सरकारातले जलमंत्री कादर अस्माल यांनी हे काम पुन्हा उचललं. नातालमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेला हा माणूस. पाणी आणि रोजगार हे दोन्ही प्रश्न एकत्र बांधून त्यांनी 'वर्किंग फॉर वॉटर' ही योजना सुरू केली. बेरोजगारांच्या टोळ्या, त्यांत मोठ्या संख्येनं बायका, करवती घेऊन डोंगरांवर चढल्या. वॅटलचं बी कमी करायला ऑस्ट्रेलियातून गाठी करणारी गांधीलमाशी १९८२ मध्ये आणि तांबेरा बुरशी १९८७ मध्ये आधीच सोडलेली होती. त्यांचा मोठा आधार झाला. १९९८ च्या एका पाहणीनं परकी झाडं देशाच्या नद्यांमधलं सुमारे ७ टक्के पाणी पितात असा अंदाज मांडला.

योजना मोठी होती आणि मी तिचा चाहता आहे, तरी तिच्यातली एक उणीव डोळ्यांआड करता येत नाही. तिथल्याच अभ्यासकांनी ती वारंवार दाखवली आहे. किती हेक्टर साफ झालं, किती मनुष्यदिन काम मिळालं, याची नोंद नीट होई. त्या उतारावर तीन वर्षांनी काय उभं आहे, ओढ्यात पाणी किती वाढलं, याची नोंद तितकी होत नसे. ज्या देशानं मोजून मोजून सत्य शोधलं, तिथंही तोडणीच्या घाईत मोजणी मागं पडली, याचं मला वाईट वाटतं. २०१८ च्या दुष्काळात केप टाउनच्या नागरिकाला दिवसाला ५० लिटर पाण्यावर राहावं लागलं, तेव्हा पाणलोटांची आठवण पुन्हा झाली. त्या वर्षाच्या अखेरीस या पाणलोटांसाठी एक जलनिधी उभा राहिला. शहराच्या धरणांवरच्या डोंगरांतली परकी झाडं वर्षाला सुमारे ५५ अब्ज लिटर पाणी खातात, असा त्याचा हिशेब आहे. आज कामगार दोराला लोंबकळून कड्यांवरचे पाइन तोडतात.

आपल्या देशातही असा प्रयोग झालेला आहे. निलगिरी डोंगरात, ग्लेनमॉर्गनला, शोला जंगल आणि गवताळ कुरणं असलेले दोन शेजारचे पाणलोट उटीच्या मृदसंधारण संस्थेनं आधी मोजले आणि १९७२ साली एकात निलगिरीची झाडं लावली. पहिल्या दहा वर्षांत पाणी १६ टक्के घटलं, तोडून पुन्हा फुटलेल्या दुसऱ्या फेरीत सुमारे २५ टक्के.

सह्याद्रीत मी ज्या ओढ्यावर शेवटी काम केलं, त्याच्या दोन्ही काठांवर माझ्या डोळ्यांदेखत रानमोडी आणि घाणेरी माजली. जांभूळ, उंबर, करंज यांची रोपं त्या दाटीत दिसेनाशी झाली. गावचे लोक विचारत, हे रान पाणी पितं का हो? पाइन आणि निलगिरीचं उत्तर रानमोडीला चिकटवणं मला प्रामाणिक वाटलं नाही. आणि उत्तर काढण्याआधीच तिथलं मापन बंद झालं. मोजपट्टी पुरात गेली, ती पुन्हा बसली नाही.

मला हवं आहे ते फार मोठं नाही. मुठा, कोयना किंवा काळू, कुठल्याही नदीच्या उगमाकडले दोन शेजारचे ओढे. दोन्हींवर खाचेचे बंधारे, वर एक पर्जन्यमापक, गावातलाच एक माणूस पगारावर. चार-पाच पावसाळे नुसतं मोजायचं. मग एका पाणलोटातली रानमोडी फुलायच्या आत, पावसाळा संपता संपता मुळासकट काढायची, पुढल्या वर्षी उगवलेली पुन्हा काढायची, त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. मोकळ्या झालेल्या जागी कुठली रोपं येतात ते चौकटी आखून दर वर्षी लिहायचं. दुसऱ्या ओढ्याला हात लावायचा नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा खाचेवरून जेमतेम बोटभर पाणी जातं, तेव्हा दोन्हीकडची वही एकही दिवस कोरी राहू द्यायची नाही.