हिरव्या उजेडाचे कुळ

मोटारीचा एसी थंड हवा देईनासा झाला, की जाणता कारागीर प्रथम गेज लावतो आणि दोन्ही काटे नेहमीपेक्षा खाली दिसताच गॅस गळत असल्याचे ताडतो. परंतु गळती नेमकी कोठे, हे शोधण्यासाठी तो कॉम्प्रेसरच्या तेलात चमकता रंग सोडतो; या रीतीचे कुळ मोटारीहून कितीतरी जुने असून त्याचा मूळपुरुष, माझ्या मते, जर्मनीत डॅन्यूबच्या काठी सापडतो.

इमेंडिंगेनजवळ त्या नदीचे पाणी चुनखडकाच्या विवरांत लुप्त होते. तेच सुमारे १२ किलोमीटरांवरील आख नदीच्या झऱ्यातून वर येते काय, याची खातरजमा करण्यासाठी १८७७ च्या ऑक्टोबरात भूशास्त्रज्ञ आडोल्फ क्नॉप यांनी विवरात १० किलो फ्लुओरेसिन ओतले, जोडीला २० टन मीठही ओतले. सुमारे ६० तासांनी झरा हिरवा झळकू लागला आणि काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी ऱ्हाईनच्या खोऱ्यात उतरते, हे निर्विवाद ठरले. हा रंग आडोल्फ फोन बायर यांनी १८७१ मध्ये, म्हणजे अवघ्या सहा वर्षांपूर्वी, सिद्ध केला होता.

या वारशावर पहिला दावा ज्योतीचा. तापल्या तांब्याला क्लोरिनयुक्त द्रव्य लागताच ज्योत हिरवी होते, ही बाइलश्टाइनची १८७२ मधील परीक्षा. तिच्याच तत्त्वावर चालणारा हॅलाइड टॉर्च फ्रिऑन-१२ या क्लोरिनयुक्त गॅसच्या काळात सांध्यासांध्यांवरून फिरे. परंतु १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर मोटारींत आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरिनच नाही, आणि ती ज्योत आंधळी झाली.

दुसरा दावा अधिक वजनदार आहे. फ्लुओरेसिन पाण्यात विरघळते, कॉम्प्रेसरच्या तेलात चालणारा रंग वेगळा. तेव्हा विमानांच्या सुट्या भागांतील भेगा चमकत्या द्रवाने उघड करणारे अमेरिकेतील स्विट्झर बंधू हेच खरे पूर्वज, असे म्हणता येईल. मला ते मान्य नाही. त्यांचा द्रव बाहेरून लावला जातो व भेगेत मुरतो. क्नॉप यांनी रंग प्रवाहात सोडला आणि तो बाहेर पडेल तेथे वाट पाहिली. १९६१ मध्ये दंडाच्या शिरेत फ्लुओरेसिन टोचून डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्यात आली, ती याच रीतीने. तेथील निळा प्रकाश आणि पिवळी काच पाहिली की गॅरेजातील निळा दिवा व पिवळा चष्मा यांचे गोत्र निराळे असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. द्रव्य बदलले तरी रीत हीच वंशाची खूण.

रंग तेलाबरोबर फिरतो, आणि पाइपच्या सांध्याशी, झिजलेल्या ओ-रिंगभोवती, तेलकट हिरवे कडे उजळते. डॅशबोर्डाआड दडलेल्या कूलिंग कॉइलपर्यंत दिवा पोहोचत नाही. म्हणून गाडीखाली पाणी ठिबकवणाऱ्या नळीच्या तोंडाशी तो धरतात, आणि तेथे हिरवे दिसले तर गळती आत आहे. तेव्हा, वाचकहो, नुसता गॅस भरून गाडी हवाली करणाऱ्या कारागिरास, आधी गळती दाखवा, असे अवश्य सांगा.