तळटीप : नानकटाई

* नानकटाई : मजकुरात ओझरच्या दिवाळीच्या वर्णनात आलेला शब्द. ‘नानखताई’चेच हे मराठी रूप. फारसीत ‘नान’ म्हणजे रोटी. ‘खताई’चा संबंध काही अभ्यासक चीनच्या ‘खता’ या जुन्या नावाशी जोडतात. पदार्थाची कथा मात्र सुरतेची आहे : १७व्या शतकात तिथे डचांची वखार होती. पुढे डचांची भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि तिथेच ही खुसखुशीत, बिनअंड्याची नानकटाई घडली, असे सुरतेत परंपरेने सांगतात. महाराष्ट्रात दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे आणि भाजलेल्या नानकटाईचे डबे घरी आणायचे, अशी रीत होती. घरी ओव्हन आल्यावर ती विरळ झाली. आता नाचणी-ज्वारीच्या पिठाची नानकटाईही होऊ लागली आहे.